आज काय फसलं?

आमच्या विद्यापीठात लोक जिन्यात भेटले की 'कसे आहात' असं विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता वर जातात. संख्याशास्त्राच्या मॅडम 'आज काय फसलं?' असं विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत पायरी सोडत नसत. त्यामुळे पलीकडच्या जिन्याने जाणारे बरेच होते. मागे सगळे त्यांना 'फसलं मॅडम' म्हणत. हे त्यांना माहीत होतं. "नाव बरं आहे," त्या मला एकदा म्हणाल्या, "निदान विषय तरी कळतो."

हा प्रश्न त्या माणूस बघून विचारत नसत. फाटकाबाहेर बापूंची चहाची टपरी आहे. त्यांना विचारला की बापू गाळणी हातात धरून आजूबाजूला बघत.

"मॅडम, हळू इचारा की. गिऱ्हाईक ऐकतंय."

"बरं. काय फसलं?"

"सकाळचं दूध नासलं. पर ह्यो च्या त्या दुधाचा न्हाई."

मॅडम समाधानाने चहा पीत. आम्ही आधी कपाचा वास घेत असू.

आमचं विद्यापीठ मुळशीत, पिरंगुटच्या पुढे डोंगराला टेकून आहे. संध्याकाळी बस सुटली की सगळे पांगतात. शेजारच्या वर्गात काय चालतं हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नसते. मॅडमची होती. त्यांनी शिक्षकांपुरता एक ब्लॉग काढला. तास फसला की त्यावर लिहायचं. दोष विद्यार्थ्यांवर ढकलायचा नाही. वाचणाऱ्याने खाली सल्ला द्यायचा नाही, कौतुकही करायचं नाही. फक्त प्रश्न विचारायचा. आणि लिहिणाऱ्याने त्याचं उत्तर तिथल्या तिथे द्यायचं नाही. सापडलं तर नवा लेख लिहायचा.

"नाही सापडलं तर?" मी विचारलं.

"चहा प्या."

शिक्षकांना प्रश्न विचारता येत नाहीत, हे तेव्हा कळलं. 'तुम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरात का लिहीत नाही?' असे प्रश्नचिन्ह लावलेले सल्ले येत. मॅडम ते पुसून टाकत.

मी अर्थशास्त्र शिकवतो. कोथिंबिरीच्या जुडीचा भाव घेऊन मी महागाई समजावली आणि वर्ग थंड बसून राहिला, असं मी लिहिलं. खाली मॅडमचा प्रश्न आला: 'या मुलांनी शेवटची जुडी कधी विकत घेतली असेल?' मी पुष्कळ चहा प्यालो. नंतर मुलांना विचारलं तेव्हा कळलं, वसतिगृहातली सगळी मुलं मोबाइलवरून जेवण मागवतात. कोथिंबीर त्यांना वर भुरभुरलेली माहीत होती, जुडी नव्हती.

पदार्थविज्ञानाचे कदम आमच्यात सगळ्यात तरुण, पौडचे, नोकरी करारावर. त्यांनी लिहिलं की, गणितात वजाचं चिन्ह सुटलं आणि तासभर मी चुकीचंच शिकवलं. मॅडमनी विचारलं, 'मुलांना कळलं होतं का?' कदमांनी वर्गात चौकशी केली. कळलं होतं. मग बोलला का नाहीत? "सर, तुम्ही इतक्या आत्मविश्वासाने शिकवत होतात." कदमांनी तेही लिहिलं. त्यांच्या वर्गात मुलं बोलायला लागली ती त्यानंतर.

मग परिपत्रक आलं. ब्लॉगवरचे लेख यापुढे वार्षिक मूल्यमापनाला जोडले जातील. डीन सरांचा हेतू चांगला होता. त्यांचा नेहमीच असतो. त्या आठवड्यापासून आमचे तास फार छान फसू लागले. 'विद्यार्थ्यांच्या अति उत्साहामुळे वेळ पुरला नाही.' 'माझ्या उदाहरणांवर चर्चा इतकी रंगली की मुद्दा राहून गेला.' संगणकाच्या एका सरांचा आणि वाणिज्यच्या एका बाईंचा तास एकाच दिवशी, एकाच शब्दांत फसला. कदम मात्र जेवेनासे झाले. त्यांचा करार संपत आला होता आणि वजाचं चिन्ह त्यांच्या नावासकट तिथे होतं.

एका सकाळी ब्लॉग उघडला तर जुन्या-नव्या सगळ्या लेखांखाली एकच नाव होतं. मॅडमचं. पुढेही कोणीही लिहिलं तरी तेच नाव उमटेल, अशी सोय त्यांनी करून ठेवली होती. डीन सरांनी त्यांना बोलावलं, तेव्हा माझ्या कामाची फाइल घेऊन मी तिथेच उभा होतो.

"मॅडम, तुम्ही कायदाही शिकवता?"

"शिकवायला गेले म्हणून तर फसलं, सर."

"आणि पदार्थविज्ञान?"

"त्यात तर वजाचं चिन्हच विसरले."

कदमांचा करार वाढला. मॅडमची साठी झाली होती. त्यांना मुदतवाढ हवी होती, आणि तशी ती सगळ्यांना मिळते. त्यांना मिळाली नाही. मुदतवाढ ठरवणाऱ्या समितीतल्या एकाने मला खासगीत सांगितलं की त्यांच्या अध्यापनात फार त्रुटी दिसल्या. त्यातली कोथिंबीर माझी होती.

मॅडम जवळच्याच चांदे गावात, आपल्या फ्लॅटवर राहू लागल्या. ब्लॉग वाचत, प्रश्न विचारत. भेटायला गेलो की म्हणत, "आता वर्ग नाही, त्यामुळे पोळ्या फसतात." या पावसाळ्यात प्रश्न येणं थांबलं. आधी वाटलं, आम्ही सुधारलो. मग त्यांच्या भावाचा फोन आला.

शोकसभा सभागृहात झाली. डीन सर म्हणाले, "अपयश हा शब्द मॅडमच्या शब्दकोशात नव्हता." माझी पाळी आली. मी खूप तयारी केली होती. उभा राहिलो आणि 'कधीही भरून न येणारी पोकळी' असं म्हणून खाली बसलो. बाहेर बापूंनी पैसे न घेता सगळ्यांना चहा दिला. "लई इचारायची बाई," एवढंच म्हणाले.

घरी येऊन मी ब्लॉगवर लिहिलं: 'आज शोकसभा होती. माझं भाषण फसलं.' खाली आपोआप मॅडमचं नाव आलं. दुसऱ्या दिवशी कदमांचा प्रश्न आला: 'सर, काय सांगायचं होतं?'

तिथल्या तिथे उत्तर द्यायचं नाही, हा नियम. म्हणून हा नवा लेख. आपोआप येणारं नाव काढून या वेळी मात्र माझं घालतो आहे.