हिराचा डावा खांदा

फोन आला तेव्हा मी खोडाळ्याला वर्गात हजेरी घेत होते. हिराचा धाकटा भाऊ काशिनाथ एवढंच म्हणाला, "मंदाबाय, हिरीबाय गेली." कावीळ तिनं अंगावर काढली आणि दवाखान्यात गेली ती फार उशिरा. सत्तेचाळीस हे काही जायचं वय नव्हे. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. हिरा समोर असली की निम्मा वेळ आमचं भांडणच चालायचं, आणि त्या दिवशी भांडायला ती नव्हती.

हिरा माझी आतेबहीण, पोशेऱ्याची; आमची घरं एकाच वस्तीवर. पोलीस खात्यात हवालदार होती. आम्ही दोघीही डावऱ्या, आणि एका कुटुंबात दोन डावऱ्या पोरी म्हणजे आत्याच्या मते नक्की कुणाची तरी नजर. डाव्या हातानं भाकर पुढं केली की चिमटा, डाव्यानं दिवा लावला की पाठीत धपाटा. वस्तीवरच्या शाळेत गुरुजींनी तर दोघींचे डावे हात सुतळीनं कमरेला बांधले आणि उजव्या हातात पेन्सिल दिली. मी आठ दिवसांत शरण गेले. अक्षर वळणदार झालं, शाबासकी मिळाली, पुढं मास्तरीणही झाले. हिरानं मात्र महिनाभर पाटीवर एक रेघ ओढली नाही. मार खाल्ला, उन्हात उभी राहिली, पण उजव्या हातानं पेन्सिल धरली नाही. शेवटी गुरुजीच थकले आणि त्यांनी सुतळी सोडली. त्याच दुपारी तिनं डाव्या हातानं अख्खी बाराखडी लिहून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. वय वर्षं सात.

पोलीस भरतीत धावताना आणि गोळा फेकताना तिचा हात कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. खरी गाठ पडली ती प्रशिक्षणात, रायफलशी. ही सगळी हकिगत तिनं मला दिवाळीच्या सुट्टीत ओट्यावर बसून, वालाच्या शेंगा सोलता सोलता सांगितली होती. रायफल घडवणाऱ्यानं डावरा माणूस धरलेलाच नाही. पुढची गोळी भरायचा बोल्ट उजवीकडं, आणि झाडलेल्या गोळीची तापलेली पुंगळीही उजवीकडंच उडणार, म्हणजे डावऱ्याच्या थेट तोंडापुढून. शिवाय जमिनीवर पालथं पडून नेम धरताना सगळी रांग एकाच बाजूला तिरकी पडते. एकटी डावरी उलटी तिरकी पडली की तिचे पाय शेजारणीच्या पायांत. नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांनी सांगून टाकलं, इथं सगळ्यांचा खांदा एकच, उजवा.

तिनं उजव्या खांद्याला रायफलीचा दस्ता लावून पाहिला. पण डोळ्याचं काय करणार? तिचा नेमाचा डोळाही डावाच, आणि तो एकटा मिटायचा म्हटला तरी मिटत नसे. बंदूक उजवीकडं, नेम डाव्या डोळ्यानं. दहा गोळ्या झाडल्या आणि सगळ्याजणी नेमाच्या फळ्या बघायला गेल्या, तर हिराची फळी कोरी करकरीत आणि डावीकडच्या शेजारणीच्या फळीवर सतरा भोकं! ती बिचारी आपणच पहिली आलो म्हणून हरखली होती. अख्खी तुकडी पोट धरून हसली आणि हिरानं शिक्षा म्हणून रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारल्या.

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. शेवटच्या परीक्षेत नापास झाली असती तर तिला घरी यावं लागलं असतं, आणि घरी लग्नाची बोलणी नुसती अडवून ठेवलेली होती, नोकरीचं काय होतंय ते बघू म्हणून. परीक्षेच्या आधी ती उस्तादांसमोर जाऊन उभी राहिली. "सायेब, मना डाव्यानं मारू द्या. नाय लागली तर मीच पेटी भरून घरी जाते." उस्ताद म्हणाले, रांगेच्या अगदी टोकाला पड, म्हणजे पाय कुणाला लागणार नाहीत, आणि पुंगळीनं तोंड भाजलं तर माझ्याकडं रडत यायचं नाही.

चार दिवस रिकाम्या रायफलीवर तिनं आपली रीत बसवली. नळी वाळूच्या पिशवीवर टेकवायची, डावा हात घोड्यावरून काढायचाच नाही आणि मोकळ्या राहिलेल्या उजव्या हातानं बोल्ट ओढायचा. बाकीच्या पोरी दर गोळीला घोड्यावरचा हात काढून बोल्ट ओढत आणि पुन्हा नेम जुळवत. हिराला ती गरजच उरली नाही. परीक्षेत एक पुंगळी तिच्या मनगटावर पडली, कातडी भाजली, पण तिनं हात हलू दिला नाही. दहाच्या दहा गोळ्या तिच्याच फळीवर लागल्या, आणि त्याही सगळ्यांच्या आधी झाडून झाल्या. उस्तादांनी शाबासकी काही दिली नाही. फक्त पुढच्या तुकडीला पहिल्याच दिवशी विचारलं म्हणे, "डावरं कोण कोण आहे? टोकाला या."

हे सांगून झाल्यावर ती माझ्याकडं बघून म्हणाली, "मंदा, तू लई लवकर हारलीस." मी शेंगा सोलत राहिले… तिचं ते वाक्य मला अजून पचलेलं नाही. हा लेखसुद्धा डाव्या हातानं लिहायला घेतला होता. दोन ओळींत बोटं आखडली, म्हणून पुढचा उजव्यानं लिहिला. कळलं असतं तर हिरानं मला फैलावर घेतलं असतं.

तिला जाऊन महिना व्हायला आला तेव्हा काशिनाथनं श्रद्धांजलीच्या कार्यक्रमासाठी फ्लेक्स करायला टाकला. कुणा सहकाऱ्यानं सरावाच्या दिवशी मोबाइलवर टिपलेला तिचा फोटो त्यावर घ्यायचं ठरलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी जीपमधून मोखाड्याला उतरले आणि छापून आलेला फ्लेक्स बघायला दुकानात गेले. बघते तर रायफल तिच्या उजव्या खांद्याला! छातीवरची नावाची पट्टी पुसून कोरी केलेली. दुकानातला पोरगा मोठ्या अदबीनं म्हणाला, "मॅडम, फोटो उलटा आला होता, मी सरळ केला. मग पट्टीवरची अक्षरं उलटी झाली, म्हणून ती काढून टाकली."

जन्मभर जे कुणाला जमलं नाही, ते यानं दोन मिनिटांत करून टाकलं होतं. सोबत आलेला काशिनाथ म्हणाला, "ऱ्हाऊ दे मंदाबाय, लोकांना काय कळतंय? कार्यक्रम उद्यावर आलाय." त्याचंही चूक नव्हतं, तो थकला होता. पण मी स्टूल ओढून बसले. म्हटलं, दुसरा छाप. ती होती तशी, पट्टीवरच्या नावासकट. तोवर मी इथून हलत नाही. मध्येच वीज गेली. शेवटची जीपही गेली. मी बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच मी अशी हटून बसले असेन.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला होता, नवा फ्लेक्स तिथंच लागला होता. नागलीची पाटी घेऊन चाललेली एक म्हातारी फ्लेक्सखाली थांबली, मान वाकडी करून बघत म्हणाली, "बाय, फोटू उलटा लावलाव जनू."

"उलटा नाय, आजी," मी म्हणाले. "ती डाव्यानंच मारायची. आन् लागायची."