पहिला पाट

माह्या साडूचं नाव निघालं का माह्या पोटात दुखते, हे घरात साऱ्यायले ठाऊक आहे. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा पुण्याच्या एका कंपनीत आहे अन् सारखा इमानानं, आभाळातून फिरते. फिरो बापडा! पण सारखं फिरणाऱ्याले म्हणे इमानवाले कधीमधी पुढच्या भारी सीटवर नेऊन बसवते, अन् तेही फुकटात. पाय लांब करून झोपा, काचेच्या गिलासात सरबत घ्या. हे त्यानं एकदा आमच्या सासऱ्यायले सांगितलं, अन् सासऱ्यायनं साऱ्या वरवट बकाल गावाले सांगितलं.

मी मास्तर. माहा अर्धा जन्म खामगावच्या एसटीत गेला. कंडक्टर मले चेहऱ्यानं ओळखते, पण 'गुरुजी, पुढं या' असं कधी म्हणाला नाही. उलट बसलो असलो त उठवते, बाईमाणसाले जागा द्या म्हणून.

सासऱ्यायले वाटे, इमानवाले उगाच कोणाले पुढं बसवतीन का? माणूसच मोठा असला पाहिजे.

यंदा धोंड्याच्या महिन्यात आम्हा दोघा जावयायले जेवायचं बोलावणं आलं. त्या घरची रीत अशी, का देवघरासमोरचा पहिला पाट मोठ्या जावयाचा. पहिला पुरणाचा धोंडा त्याच्या ताटात, वरून तुपाची धार, मग बाकीचे. लग्न झालं तवापासून तो पाट माहा. तेवढा एकच मान आहे मले या जगात, खोटं काऊन बोलू?

यंदा सासऱ्यायनं धाकट्याचा हात धरला अन् त्याले तिथं बसवलं. मले म्हणे, तुम्ही त घरचेच. मी दुसऱ्या पाटावर बसलो. आंगाची नुसती लाही लाही होऊन राह्यली होती.

राहवलंच नाही. साऱ्यायच्या समोर विचारलं, हे पुढच्या सीटचं दर वेळी भेटते का हो?

तो सरळ माणूस. म्हणे, "कुठलं दादा! दहा-बारा चकरा झाल्या त एखाद्या वेळी. तेही पुढची सीट रिकामी राह्यली त. नाही त मागंच, दोघायच्या मधात घुसून."

सासऱ्यायच्या हातातली तुपाची वाटी थांबली. माह्या जिवाले असं गार वाटलं म्हणता! मी लगेच म्हटलं, म्हणजे पंगतीत एखादं पान उरलं का रस्त्यानं जाणाऱ्याले हाक मारते, तशातली गत. तो खळखळून हसला. राग नाही, काही नाही. मग आजूबाजूले पाह्यलं, काहीतरी ध्यानात आलं अन् चटकन उठला.

"दादा, हा पाट त तुमचा. मी चुकून बसलो. या."

हाताले धरून त्यानं मले बसवलं. सासरे कौतुकानं म्हणाले, मन पाहा पोराचं केवढं मोठं आहे. पहिला धोंडा माह्याच ताटात पडला, पण धार सोडताना त्यायचे डोळे त्याच्याकडंच होते. अर्धं तूप ताटाबाहेर गेलं.

बायको वाढायले वाकली अन् कानाशी म्हणाली, "भेटला ना पुढचा पाट फुकटात? जेवा आता गुपचूप."