लोणी येत नाही

कर्वे पुतळा मागे पडला तरी रंगराव रिक्षाला हात करेनात. सदाशिव पेठेत डॉक्टरांना भेटून आम्ही दोघं निघालो तेव्हा वारज्यापर्यंत चालत जायचं असं काही ठरलं नव्हतं. दोन रिक्षावाल्यांनी नकार दिला, मग रंगरावांनी विचारणंच सोडलं. बायकोच्या, मंदाकिनीबाईंच्या, रिपोर्टांची पिशवी त्यांनी पोटाशी धरली होती. डॉक्टर म्हणाले होते की सोमवारपर्यंत बाईंच्या पोटात अन्न गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात एकदा घातलेली नळी निघेलच असं धरून चालू नका. ‘त्यांना आवडेल ते द्या,’ असंही म्हणाले. रंगरावांनी नुसती मान हलवली. त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि ते त्यांनी गिळलं, एवढं मला दिसलं.

रंगराव आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे वर्ध्याकडचे. पिंपरीच्या कारखान्यात फिटर म्हणून सगळी नोकरी झाली. वारज्यात शेतं होती तेव्हा त्यांनी इथं जागा घेतली. एवढ्या लांब कशाला, असं लोक म्हणत. मागेच गवळ्याचा गोठा होता, म्हणून. बायकोला म्हशीचं दूध लागे, तेही देवासाठी. मंदाकिनीबाईंनी माहेरून आणलेला बाळकृष्ण मुठीत मावेल एवढा आहे. त्याला रोज सकाळी स्वतःच्या हातानं काढलेलं ताजं लोणी आणि साखर दाखवल्याशिवाय त्या पाण्याखेरीज काही तोंडात घालत नसत. देवाचं मीही करते, पण माझं दूध-साखरेवर भागतं. त्यांचं कधी भागलं नाही.

गोठ्याच्या जागी आता टॉवर उभा आहे. त्यांच्या मुलाला, संतोषला, ऐन उमेदीत हृदयविकाराचा झटका आला. तो वाचला आणि आठवड्याभरात घरातलं तूप गेलं, साय गेली. सून उत्कर्षा मोबाईलवरून सामान मागवते. दूध फॅट-फ्री, दही फॅट-फ्री, पनीरसुद्धा तसलंच. तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. नवऱ्याला तिनं आयसीयूत पाहिलंय.

कर्वेनगरात एका डेअरीपाशी रंगराव दम खायला थांबले. काचेआड श्रीखंडाचे डबे होते, त्यांवर हिरव्या अक्षरात ‘फॅट-फ्री, शुगर-फ्री’.

“साय काढली, साखर काढली,” ते म्हणाले. “केशर आधीच नव्हतं. डबा मात्र छान आहे.”

दुकानदार म्हणाला, “काका, हार्टला चांगलं असतं.”

“असेल. विकणाऱ्याच्या.”

पुढे चालायला लागल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला. त्यांनी मला विचारलं, “ताई, तुम्ही कधी ते फॅट-फ्री दही घुसळून पाहिलंय?”

मी कशाला घुसळून पाहणार.

मग त्यांनी सांगितलं ते असं. मंदाकिनीबाईंना विसर पडायला लागला त्याला आता बराच काळ झाला. माणसांची नावं गेली, वार गेले, पण हाताचं वळण गेलं नाही. सकाळी आंघोळ झाली की त्या रवी घेऊन बसतात. तेवढाच आईंना विरंगुळा, म्हणून उत्कर्षा रोज दह्याचा डबा त्यांच्या भांड्यात ओतून देते. त्या दह्यात लोणी असणार कुठून? साबणाच्या पाण्यासारखा फेस येतो. बाई कोमट पाणी घालून बघतात, गार पाणी घालून बघतात. मनगटं सुजेपर्यंत घुसळतात. हे दही बिनलोण्याचं आहे, असं सांगितलं की ‘हो का’ म्हणतात आणि पुढच्या क्षणी विसरून पुन्हा रवी धरतात. एकच गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली आहे. आपल्या हातून काहीतरी पाप घडलंय, म्हणून देव आपल्या हातचं घेत नाही. देव उपाशी, मग आपण कसं जेवायचं? बळेच घास भरवला तर गालात धरून ठेवतात आणि कुणी बघत नसताना पदरात काढतात.

घरात सगळे समजतात की भूक मेली आहे.

चांगलं दूध का आणत नाही, असं मी विचारलं. आणलं होतं, ते म्हणाले. गुपचूप साय साठवली, विरजण लावलं. लोणी आलं, नैवेद्य झाला, बाई पोटभर जेवल्या. आणि उरलेला सगळा गोळा त्यांनी संतोषच्या भाकरीवर थापला, तो शाळेत जायचा तेव्हा थापायच्या तसा. आईचा तो चेहरा बघून संतोषला नाही म्हणवलं नाही. त्यानं खाल्लं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं. तिसऱ्या दिवशी उत्कर्षानं पाहिलं, भांडं मोरीत पालथं केलं आणि तिथेच खाली बसून रडली.

“कुणाला वाचवू, सांगा,” रंगराव म्हणाले.

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला, त्यांनी ती दिली नाही.

नंतर त्यांनी विकतचं बटर आणून चिमूटभर भांड्यात टाकून पाहिलं होतं. ते पिवळं, खारट. बाईंनी बोटावर घेऊन उजेडात धरलं, वास घेतला आणि नवऱ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. देवाला फसवता, एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून रंगराव जवळ गेले की त्या भांडं पदराखाली घेतात.

वारज्याच्या पुलाखाली एका बंद दुकानाच्या पायरीवर ते बसले. मी म्हटलं, हे सगळं संतोषला सांगा. तो समजूतदार आहे.

“समजूतदार आहे, हीच तर भीती. आईसाठी तो सगळं घर तुपात बुडवेल. आणि तिनं भाकरी पुढे केली की खाईल.” त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली. “तुमच्याकडे अजून म्हशीचं दूध येतं ना?”

मी हो म्हटलं.

“तुम्ही शेजारी बसलात तर ती भांडं झाकत नाही. उद्या सकाळी या. घरचं लोणी आणा, देवापुरतं, सुपारीएवढं. जास्त नको, भाकरीवर थापायला उरता कामा नये. ती घुसळता घुसळता दमून डोळे मिटते, तेव्हा आत सोडा.”

“काका, देवाच्या नैवेद्यात खोटं करायचं?”

“देवाशी काय बोलायचं ते माझं मी बोलेन.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “आणि तिनं डोळे उघडून विचारलं, हे माझ्या हातचं आलं का, तर तुम्ही हो म्हणा. माझ्यावर तिचा विश्वास राहिलेला नाही. तुम्ही म्हणा.”