तिच्या रक्ताची स्लाइड

मी शिकवते त्या कॉलेजात दरवर्षी पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांशी चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे असतं. प्रॅक्टिकल चुकवू नका, आकृत्या स्वतः काढा, कळलं नाही तर त्याच दिवशी विचारा, असं सांगते. मग माझ्या मैत्रिणीबद्दल सांगते.

आम्ही दोघी पौडच्या पुढच्या माले गावच्या. बारावीनंतर पुण्यातल्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजीला बरोबरच प्रवेश घेतला. सकाळच्या एसटीत तिचे वडीलही असायचे. ते वाटेवरच्या पिरंगुटला एका कारखान्यात कामाला होते. गावाकडे रक्त तपासायची सोय नाही, म्हणून तिला पौडला स्वतःची लॅब काढायची होती.

त्या दिवशी स्वतःचं रक्त तपासायचं प्रॅक्टिकल होतं. मला सुईची भीती, म्हणून माझंही बोट तिनंच टोचलं. काचपट्टीवर थेंब पसरवून, रंग देऊन तिनं मला मायक्रोस्कोपमधून बघायला बोलावलं. रंगानं जांभळ्या झालेल्या पांढऱ्या पेशींची नुसती दाटी होती. माझ्या स्लाइडवर त्या शोधाव्या लागत होत्या.

मॅडम आल्या, बराच वेळ बघत राहिल्या. त्यांनी स्वतः तिची दुसरी स्लाइड केली. मग तिला बाजूला घेऊन विचारलं, "ताप येतो का गं?"

"येतो मॅडम, अधूनमधून. प्रवासानं दमायला होतं."

"उद्या वडिलांना घेऊन ये. आपण दवाखान्यात जाऊ."

परतताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुस्तकात चित्र हाय ना, तसंच दिसत व्हतं." मी तिचा हात धरून बसले.

तो रक्ताचा कर्करोगच निघाला. दवाखान्यात मी तिला भेटायला जायची, तेव्हा वर्गात काय झालं ते ती आधी विचारायची. आपले रिपोर्ट तिला वाचता यायचे. आईला मात्र सांगायची, "पेशी जरा वाढल्यात. औषधानं कमी व्हतील." आई मान हलवायची आणि तिचे पाय दाबत राहायची.

भाताची कापणी चालू असताना ती गेली.

नंतर बरेच दिवस तिचे वडील एसटीत माझ्याशी बोलले नाहीत. एका सकाळी शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "काल काय शिकवलं गं?" ती रोज घरी त्यांना सांगायची म्हणे. मी सांगितलं. त्यांना कितपत कळलं, ठाऊक नाही, पण पिरंगुट येईपर्यंत ते ऐकत होते. पुढे पदवी मिळेपर्यंत मी त्यांना रोज सांगत गेले.

आता आमच्याकडे मुलांचं स्वतःचं रक्त घेत नाहीत, तयार स्लाइड दाखवतात. एखादी मुलगी विचारते, "मॅडम, हे रक्त कुणाचं?" मला माहीत नसतं. तसं मी तिला सांगते, आणि विचारत जा, असंही सांगते.