कनसांच्या टोप्या

दुष्काळात जामखेडाकडचं आमचं रान पार तडकलं. माझं मालक त्याच्या आदीच वारलं हुतं. पोराला कडंवर घेतलं आन राहुरीला कॉलेजच्या शेतावर रोजानं गेले. तितं आमाला काम काय, तर ज्वारीच्या कनसांवर कागदाच्या पिशव्या बांधायच्या. संगतीच्या बाया म्हनायच्या, "माझ्या लेकराला टोपडं न्हाई आन कनसाला टोपी." कशापायी बांधायच्या ते आमी कदी इचारलं न्हाई. हात चालला तर सांच्याला चूल पेटायची.

तेच पोरगं आता घर चालवतं. त्याची लेक त्याच कॉलेजात शेती शिकली. शिक्षान झालं तवा माझा लेक म्हनला, "आता बास. पावनं बघू."

"आप्पा, अजून दोन वर्सं. मला बियान्याचं शिकायचंय."

"शिकून काय हुनार?"

"माझी एक मैत्रीन बँकेत लागली, एक कृषी अधिकारी झाली. मला कमी पान्यावर येनारी ज्वारी काढायचीय."

"आदी घरची तर उगवून दाव."

पेरनी तोंडावर आल्ती. पोरीनं कनगीतलं बी घेतलं, ओल्या गोनपाटावर दानं ओळीनं मांडलं आन गुंडाळी करून माठाशेजारी ठिवली.

म्या म्हनलं, "काय गं, बाळंतीन निजवलीस व्हय?"

चार दिसांनी उलगडलं तर निम्मं दानं तसंच. लेकाचं तोंड उतरलं. तसंच पेरलं असतं तर निम्मं रान रिकामं पडलं असतं.

नातीनं एक दाना माझ्या तळहातावर ठिवला. "आजी, चीर हाय बघ. मळनीयंत्रात फुटलाय." डोळ्याला दिसंना, पन नखाला लागली.

मंग तिचं ध्यान दाराकडं गेलं. चिमन्यांसाठी म्या कनसांचा झुबका टांगला हुता. "ही यंत्रात न्हाई ना गेली?" असं म्हनून तिनं ती हातानं चोळली आन परत गुंडाळी केली. ह्या बारीला बहुतेक समद्यांना मोड. झुबका काय समद्या रानाला पुरतोय? बांधाकडच्या पट्ट्यात तेवढं पेरलं, बाकीला बी इकत आनलं. चिमन्या तेवढ्या रुसल्या.

पट्टा असा भरून उगवला की लेक बांधावर लई येळ हुबा राहिला. घरी येऊन म्हनला, "जा. पन पेरनीला येत जा. बी बघायला."

मागल्या म्हयन्यात त्यो मला राहुरीला घिऊन गेला. नातीच्या प्लॉटात कनसांना त्याच टोप्या. ती म्हनली, "दुसऱ्या ज्वारीचा पराग येऊ नये म्हनून गं. न्हाईतर जात मिसळती." इतक्या वर्सांनी कळलं. म्या एक पिशवी घेतली. गाठ आपसूक बसली.

"आजी, रोज लावू का तुजा?"

"लाव की," म्या म्हनलं, आन फुडच्या कनसाकडं गेले.