प्रथिनानं धरलेलं मीठ

प्रगती शिंगडा दोन हजार चौदा साली बी.एस्सी. झाली आणि त्यानंतर वर्षभर घरीच होती. तलासरीच्या पूर्वेला, उधव्याच्याही पुढे डोंगराकडेला त्यांचा पाडा. भात, नागली आणि बांधावर थोडी तूर, एवढी शेती. वडील ती आश्रमशाळेत असतानाच वारले होते, त्यामुळे घरात ती आणि आई जिवली, दोघीच. रसायनशास्त्रात पदवी घेतलेल्या मुलीला पाड्यावर काम ते काय असणार? लोक तिच्याकडून दाखल्यांचे अर्ज भरून घ्यायचे, मोबाईलवरचे मेसेज वाचून घ्यायचे. ती निमूटपणे करून द्यायची. घाई तिच्या अंगातच नव्हती. नागली निवडायला बसली की शेवटचा खडा निघेपर्यंत उठायची नाही. जिवली वैतागायची. "आजच खायची आहे ना ती?" म्हणायची.

दोन हजार पंधराच्या जुलैत सुषमा मॅडमचा फोन आला. डहाणूच्या कॉलेजात त्यांनी प्रगतीला तीन वर्षं शिकवलं होतं. मॅडम मूळच्या बोर्डीच्या, पंचेचाळिशीच्या, आणि उशिरा का होईना पीएच.डी. करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. संशोधनासाठी सरकारी अनुदान मिळालं होतं आणि त्यात एका सहायकाची जागा होती.

"येशील का?" मॅडमनी विचारलं. "मोजमापाचं काम आहे. कंटाळवाणं आहे, आधीच सांगते."

"येते मॅडम," प्रगती म्हणाली. काय मोजायचं, हे तिनं विचारलंही नाही.

मोजायचं होतं ते असं. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन भाग सुटे होतात, सोडियम आणि क्लोराइड. त्याच पाण्यात रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन घातलं, तर ते त्यातलं काही क्लोराइड स्वतःला चिकटवून घेतं. किती? पाण्यात बुडवलेली चांदीची तार फक्त मोकळं क्लोराइड ओळखते, चिकटलेलं तिला दिसत नाही. घातलं किती हे माहीत असतं, मोकळं किती ते तार सांगते, उरलं ते प्रथिनानं धरलेलं. तारेच्या जोडीला तुलनेसाठी काचेची एक नळी लागते. तिच्यात पोटॅशियम क्लोराइडचं दाट द्रावण असतं आणि टोकाला अगदी बारीक छिद्रांचं बूच. तार आणि नळी दोन्ही मीटरला जोडायच्या आणि मीटरवरचा आकडा वहीत लिहायचा.

प्रथिनाची बाटली महाग, म्हणून सगळं काम बोटाएवढ्या कुपीत, जेमतेम चमचाभर द्रावणात चालायचं. नुसत्या मिठाच्या पाण्यात आकडा मिनिटभरात थांबायचा. प्रथिन घातलं की रेंगाळायचा, पंधरा मिनिटं, कधी वीस. प्रगती स्टुलावर बसून राहायची. शेवटचा अंक पुरता ठरल्याशिवाय ती लिहायची नाही. बसले कधी, लिहिलं कधी, दोन्ही वेळा ती वहीत टाकायची. तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण दवाखान्यातल्या नर्सबाई कागदावर वेळ टाकतात ते तिनं पाहिलं होतं आणि तिला ते बरं वाटलं होतं.

"तुझ्यासारखं माणूस मिळायला नशीब लागतं," मॅडम एकदा म्हणाल्या. प्रगतीला पाड्यावर या गुणाबद्दल बोलणीच खावी लागली होती. त्या दिवशी एसटीत ती खिडकीशी बसून उगाचच हसत होती.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात आशागडजवळ रस्त्याचं काम निघालं. तलासरीची सव्वापाचची गाडी पावणेपाचला सुटू लागली. प्रयोगशाळा दुपारी विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकं संपल्यावरच मोकळी व्हायची, तेव्हा ते पाच-सहा आठवडे प्रगतीला घाई करावी लागली. आकडा पुरता थांबायच्या आधी, पाचेक मिनिटांतच ती लिहून टाकायची आणि पळायची. हे तिला इतकं टोचायचं की त्या पानांवर ती वर ‘घाई’ असं लिहायची.

महिन्याभरानं मॅडमनी सगळे आकडे एकत्र मांडले, तर त्यांचे सरळ दोन गट पडले. निवांत दिवशी प्रथिनाचा एक रेणू चारेक क्लोराइड धरत होता. घाईच्या दिवशी तोच सहा.

"घाईचे काढून टाकू," मॅडम म्हणाल्या. "तूच लिहिलंयस ना वर."

"हो मॅडम. ते माझंच चुकलं."

आकडे काढले. उरलेले छान जुळत होते. मॅडमनी त्यावर लेख लिहिला, मुंबईच्या एका परिषदेत वाचून दाखवला आणि मग एका नियतकालिकाकडे छापायला पाठवला. परिषदेहून येताना त्यांनी प्रगतीसाठी एक पेन आणलं होतं.

दोन हजार सतराच्या मार्चमध्ये एका दुपारी प्रगतीनं साध्या मिठाच्या पाण्याची कुपी मीटरला लावली आणि तेवढ्यात शेजारच्या वर्गातून बोलावणं आलं. परीक्षा चालू होती, कुणाचं तरी ब्युरेट फुटलं होतं. काच गोळा करून, नवीन ब्युरेट बसवून परत यायला तिला तास लागला. मीटरकडे पाहिलं तर आकडा बदलला होता. या कुपीत प्रथिन नव्हतं. साध्या पाण्यात एकदा थांबलेला आकडा हलायचं कारण नव्हतं.

पाणी उडून गेलं असेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी कुपीचं तोंड बंद करून तिनं तासभर पुन्हा पाहिलं. आकडा हललाच. मग तिनं तासभर नुसती तार बुडवून ठेवली आणि नळी शेवटी घातली. आकडा जिथल्या तिथे. मग उलट केलं. नळी तासभर ठेवली, तार शेवटी घातली. आकडा हलला.

नळी झिरपत होती. आतलं दाट द्रावण बुचाच्या छिद्रांतून कुपीत उतरत होतं. थेंबाचाही अंश, पण एवढ्याशा कुपीत तेवढं पुरेसं होतं. साध्या पाण्यात नळी मिनिटभर राहायची, प्रथिनाच्या पाण्यात वीस मिनिटं. वीस मिनिटं ती कुपीत आपलं क्लोराइड सोडत होती आणि तार ते इमानदारीनं मोजत होती. मोकळं क्लोराइड जास्त दिसायचं, म्हणून प्रथिनानं धरलेलं कमी भरायचं. प्रगती जितकी जास्त वेळ बसली, तितकी चूक मोठी झाली होती.

तिनं तीन दुपारी वही उघडून बसून काढल्या. मिनिटाला किती झिरपतं हे आता मोजता येत होतं, आणि वेळा सगळ्या लिहिलेल्या होत्या. एकेक पान घेऊन तिनं झिरपलेलं वजा केलं. निवांत दिवसांचे चार सातच्या घरात गेले. घाईच्या दिवसांचे सहासुद्धा सातच्याच घरात आले. दोन गट उरलेच नाहीत.

तिला आनंद झाला नाही. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिच्या बसून राहण्यानंच सगळं बिघडलं होतं, हे तिच्या मनातून जाईना.

घरी जिवलीनं विचारलं, "बरं वाटत नाही का?" घरात त्या वारलीतच बोलायच्या, आणि त्या बोलीत हे कसं सांगावं ते प्रगतीला सुचेना.

"मापात खोट निघाली आई," ती एवढंच म्हणाली.

"मग सांगून टाक. माप तुझ्या हातात होतं."

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमसमोर वही ठेवली आणि पहिल्यापासून सांगितलं. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे आणखी कुणाला दाखवलंस?"

"नाही मॅडम."

"मी परिषदेत उभं राहून चार सांगून आले, प्रगती."

प्रगतीनं वही मिटायला घेतली. मॅडम म्हणाल्या, "वही राहू दे इथे," आणि तासाला निघून गेल्या.

त्यानंतर नऊ दिवस त्या या विषयावर बोलल्या नाहीत. येता-जाता मान हलवायच्या, तेवढंच. प्रगतीनं कुप्या धुतल्या, तारा घासून ठेवल्या, कपाटातल्या बाटल्यांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या. आता आपल्याला ठेवत नाहीत, हे तिनं मनाशी धरून टाकलं होतं. सापडलेली गोष्ट न सांगता दाबून ठेवली असती तर काय झालं असतं, हा विचारही एक-दोनदा तिच्या मनात आला. पण वेळा लिहिलेल्या होत्या. कधीतरी कुणीतरी वही उघडलीच असती.

दहाव्या दिवशी मॅडम प्रयोगशाळेत आल्या आणि दुसरं स्टूल ओढून तिच्याशेजारी बसल्या.

"लाव कुपी. मला बघायचंय."

दोघी तासभर मीटरकडे पाहत बसल्या. आकडा हलला. मॅडमनी नळी बाहेर काढली, उजेडासमोर धरली, पुसली आणि परत ठेवली.

"नियतकालिकाला पत्र लिहिलंय मी," त्या म्हणाल्या. "लेख मागे घेतलाय. माझ्या मार्गदर्शकांनाही कळवलं. त्यांना वाटतं, वजाबाकी करून भागेल. मला नाही तसं वाटत."

"म्हणजे पुन्हा सगळं?"

"पहिल्यापासून. वर्ष जाईल माझं." मग त्या म्हणाल्या, "नऊ दिवस मी तुझ्यावर चिडले होते. का, ते मला नीट सांगता येत नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"मी तुमची वाट बघत होते," प्रगती म्हणाली.

उपाय पुस्तकात होता. नळी कुपीत थेट बुडवायची नाही, मधे एक वाकडी काचनळी पूल म्हणून ठेवायची आणि तिच्यात क्लोराइड नसलेला एखादा क्षार अगारमध्ये, म्हणजे समुद्री शेवाळाच्या जेलीत, थिजवून भरायचा. प्रयोगशाळेतलं अगार संपलं होतं, नवीन यायला महिना लागणार होता. प्रगतीनं डहाणू रोडच्या किराणा दुकानातून चायना ग्रास आणलं, ते म्हणजे अगारच. दुकानदार गुजराती, ओळखीचा. "शुं बनाववानुं छे? पुडिंग?" त्यानं विचारलं. "पूल," प्रगती म्हणाली. तो गोंधळला. प्रगती पैसे देऊन निघाली.

चायना ग्रास बारीक कापून, पाच वेळा शुद्ध पाण्यानं धुऊन, पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणात उकळून तिनं नळ्या भरल्या. पहिल्या सहांत हवेचे बुडबुडे राहिले. सातवी जमली. पुलातून उतरलेलं नायट्रेटही थोडंफार प्रथिनाला चिकटू शकतं, म्हणून आता प्रत्येक आकडा साध्या पाण्यात आणि प्रथिनात थोड्याच, आणि सारख्याच, मिनिटांनी घ्यायचा, असं ठरलं. प्रगती घड्याळ समोर ठेवून बसायला शिकली. तीन मिनिटं झाली की आकडा हलत असला तरी लिहायचा आणि उठायचं. सुरुवातीला तिच्या फार जिवावर यायचं. तोंड धुताना तोंडावरचा साबण न काढताच बाहेर पडल्यासारखं वाटायचं, असं ती मॅडमना म्हणाली होती. मग सवय झाली.

अकरा महिन्यांनी आकडा सात आला, थोडासा वरच.

अनुदान दोन हजार अठराच्या मार्चमध्ये संपलं आणि त्याबरोबर जागाही. मॅडमनी दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला. शेवटी अच्छाडच्या पुढे, हद्दीपलीकडे गुजरातेत, रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत प्रगतीला काम मिळालं. तिथे प्रथिनं नव्हती, सांडपाण्याच्या बाटल्या होत्या. सगळे गुजरातीत बोलायचे, तेही तिला येत होतं. कारखान्याची बस अच्छाडच्या नाक्यावर यायची. तिथपर्यंत पाड्यावरून दोन वाहनं बदलावी लागायची.

मॅडमची तोंडी परीक्षा दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत मुंबईला झाली. प्रगतीनं रजा काढली आणि मागच्या रांगेत जाऊन बसली. झिरपण्याचं सगळं प्रकरण मॅडमनी प्रबंधात एक अख्खं प्रकरण करून लिहिलं होतं. तिच्या नावासकट, घाईच्या पानांसकट. परीक्षक त्यावर काहीतरी विचारतील म्हणून प्रगती सावरून बसली होती. त्यांनी तापमानाबद्दल तीन प्रश्न विचारले, प्रथिनाच्या शुद्धतेबद्दल एक, आणि अभिनंदन करून सह्या केल्या.

बाहेर कँटीनमध्ये मॅडमनी इडली मागवली. "एकानंही विचारलं नाही गं," त्या म्हणाल्या. "उत्तर पाठ करून आले होते मी."

"बरंच झालं मॅडम."

"एम.एस्सी. कर आता. जूनमध्ये अर्ज निघतील. मी बोलते कॉलेजात."

प्रगतीनं चटणी इडलीवर पसरली. शिफ्ट होती, आईचे गुडघे दुखत होते, आणि कारखान्यात कायम करण्याचं बोलणं नुकतंच सुरू झालं होतं.

"जूनपर्यंत सांगते," ती म्हणाली. "लगेच नको विचारू."

मग तिच्या लक्षात आलं की ती मॅडमना ‘तू’ म्हणाली होती. मॅडमनी ऐकलं होतं. त्यांनी आणखी एक प्लेट सांगितली.