चार चाकांची पूजा, पाचवं तसंच

मंडळी, आमचे फौजी आज सुट्टीवर आले. त्यांना आणायला सासूबाईंना घेऊन मी सकाळच्या गारठ्यात उंब्रजहून कराड स्टेशनला गाडीनं गेले.

जाताना गाडी डावीकडं ओढत होती. उशीर नको म्हणून थांबले नाही. येताना हायवेवर पुढचं डावं चाक पार बसलं.

स्टेपनी लावावी म्हणून यांनी डिकी उघडली, तर तीही मऊ!

"थंडीत हवा उतरती, बघत जा, असं फोनवर किती येळा सांगितलं?"

सासूबाई माझ्या मदतीला धावल्या, "आरं, दसऱ्याला चाकांची पूजा केलीया की!"

"किती चाकांची?"

"चार."

"आई, पाच हायत."

महिनाभराच्या सुट्टीचा पहिला तास आम्ही पंक्चरवाल्याची वाट बघत रस्त्याकडेला काढला. लय वाईट वाटलं.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी लेकाला ओवाळलं आणि तेच ताट घेऊन थेट डिकीकडं गेल्या. कुंकू लावायच्या आधी त्यांनी स्टेपनी अंगठ्यानं दाबून बघितली.

तुमचं पाचवं चाक या थंडीत कुणी दाबून बघितलंय का?